थिंगवेत्लिरच्या घळीतली गोष्ट

रेक्याविकहून थिंगवेत्लिर साधारण 45 किलोमीटर. आईसलँडमधल्या त्या थांब्यावर बसमधून उतरले आणि आधी पाटीपाशीच रेंगाळले. नावाचं पहिलं अक्षर दिसायला इंग्रजी पीच्या भावंडासारखं, पण उच्चार थ, जिभेचं टोक दातांत धरून केलेला. वेत्लिर म्हणजे मैदानं आणि थिंग म्हणजे सभा. सभेची मैदानं!

वाट अल्मन्नाग्याउ नावाच्या घळीतून खाली उतरते. बाजूला काळ्या बेसॉल्टची उभी भिंत. आपल्या सह्याद्रीचाच हा दगड, त्यामुळे हात लावला तेव्हा ओळखीचा वाटला. फक्त इथे त्याच्यावर करडं शेवाळ गादीसारखं चढलेलं आहे. जून महिना होता, तरी वारा कानात शिरत होता.

सन 930 पासून इथे आल्थिंगी, म्हणजे साऱ्या देशाची सभा, दर उन्हाळ्यात जूनच्या सुमारास भरायची. लोगबेर्ग, म्हणजे कायद्याचा खडक, जिथे होता असं मानतात तिथे आज झेंड्याचा खांब आहे. त्या खडकावरून एक माणूस कायदा तोंडपाठ म्हणायचा. दरवर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांत सगळा. कायदे लिहून काढायला सुरुवात झाली ती 1117 च्या हिवाळ्यात. तोवर लोकांचा कायदा एका माणसाच्या गळ्यात होता. खांबापाशी उभी राहून मी नुसतीच समोरच्या मैदानाकडे बघत राहिले.

इंग्रजीतला 'थिंग' हा हाच शब्द. इंग्लंडमधल्या केंट राज्याच्या सातव्या शतकातल्या कायद्यांत त्याचा अर्थ सभाच आहे. सभेत जे प्रकरण यायचं त्यालाही लोक थिंग म्हणू लागले, मग कुठल्याही बाबीला आणि शेवटी हातात धरता येईल अशा वस्तूलाही. जर्मनमध्ये 'डिंग' म्हणजे वस्तू. डच लोक तातडीच्या दाव्याला आजही 'कोर्ट खेडिंग' म्हणतात, तिथला 'कोर्ट' म्हणजे आखूड. स्वीडनमधल्या खालच्या न्यायालयाच्या नावात 'टिंग' आहे, नॉर्वेची संसद 'स्टोर्टिंग', डेन्मार्कची 'फोल्केटिंग'. डॅनिशमध्ये तर 'टिंग' म्हणजे वस्तूही आणि सभाही. मुळाशी 'ठरलेली वेळ' असा अर्थ असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. गॉथिक या जुन्या, आता लोपलेल्या भाषेतला काळवाचक 'थीह्स' त्याचा नातलग.

हे सगळं मनात घोळवत चालत होते आणि एकदम आपली 'गोष्ट' आठवली. गोष्ठ म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा, आपला गोठा त्यातूनच आला. त्याच गोष्ठातून गोष्ठी, म्हणजे जमलेली माणसं आणि त्यांचं बोलणं. मराठीत त्याची झाली गोष्ट. आजी सांगते ती गोष्ट, 'सुखदुःखाच्या चार गोष्टी' म्हणतो त्या गोष्टी, आणि 'बाजारातून दोन-तीन गोष्टी आणायच्यात' यातल्याही गोष्टीच. थिंग आणि गोष्ट यांचं मूळ एक नाही, रक्ताचं नातं नाही. तरी दोघी सभेतूनच निघाल्या आणि वस्तूपर्यंत पोचल्या. लहानपणापासून रोज तोंडात असलेला शब्द असा परक्या घळीत उलगडला, याचा आनंद मला अजून पुरलेला आहे.

पुढे लाकडी पुलाशी ओक्सराउ नदीचा गडद डोह लागतो. सोळाव्या शतकानंतर व्यभिचारासारख्या आरोपांखाली दोषी ठरवलेल्या बायकांना इथे बुडवून मारत. सभेपुढे आलेलं 'प्रकरण' म्हणजे कधी कधी एक जिवंत बाई असायची. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. मला तिथे फोटो काढवला नाही.

बसला अजून वेळ होता. गवतात लांबट उंचवटे दिसतात, ते सभेला येणाऱ्यांच्या खोपटांच्या भिंतींचे अवशेष. दगडमातीच्या भिंती तिथेच राहायच्या, सभेच्या दिवसांत त्यावर कापड ताणून छप्पर करायचे. त्यातल्या एकाशेजारी, वाटेच्या कडेला, वाऱ्याकडे पाठ करून मी बसले. खाली बसलं की वारा खरंच लागत नव्हता.