आज लेखनिक झालो

एका दृष्टिहीन विद्यार्थिनीचा इतिहासाचा पेपर लिहायला गेलो होतो. काम सोपं वाटतं, पण तीन तास स्वतःची अक्कल खिशात ठेवायची असते. फ्रेंच राज्यक्रांतीचं साल तिने १७९८ सांगितलं आणि माझं पेन अडखळलं. तिला लगेच कळलं! "दादा, मी सांगते तेच लिहा." लिहिलं. हात नुसते शिवशिवत होते. दोन पानांनंतर म्हणाली, "मघाशी आकडे उलटे झाले, १७८९ करा."

मदत करायला गेलो की आपण उगाच मोठे होतो. आज नुसता हात दिला, तोही तिच्या हुकमावर.

निघताना विचारलं, "अक्षर बरंय ना तुमचं?" हो म्हटलं खरं... गुरुवारी पुढचा पेपर आहे, तोवर गिरवतोय.