परिमेय संख्या आणि भागाकारातली बाकी

जी संख्या म/न अशा रूपात लिहिता येते, जिथे म आणि न हे पूर्णांक असून न शून्य नसतो, ती परिमेय संख्या, ही व्याख्या पाठ करायला वेळ लागत नाही. तिच्यात ऋण अपूर्णांक येतात, शून्य येते आणि सगळे पूर्णांकही येतात, कारण ५ म्हणजे ५/१. मात्र अशा प्रत्येक संख्येचे दशांशरूप एकतर खंडित, म्हणजे काही अंकांनंतर संपणारे, असते किंवा अखंड आवर्ती, म्हणजे अंकांचा एकच गट पुन्हा पुन्हा गिरवणारे, हा नियम बहुतेकदा कारण न सांगताच शिकवला जातो, आणि माझ्या मते विषयाची खरी गंमत त्या कारणातच आहे.

१ ला ७ ने भागून पाहावे. भागाकार करत गेल्यावर बाकी क्रमाने ३, २, ६, ४, ५ आणि १ अशी येते. ७ ने भागताना शून्याखेरीज एवढ्या सहाच बाक्या संभवतात आणि सहाव्या पायरीला १ परत आला, म्हणजे ज्या आकड्यापासून सुरुवात केली तिथेच आपण पोहोचलो. पुढे सगळे जसेच्या तसे घडणे भागच आहे. म्हणून १/७ = ०.१४२८५७१४२८५७… छेद ‘न’ ही संख्या असेल तर आवर्ती गट जास्तीत जास्त न − १ अंकांचा असतो. तो तेवढा असलाच पाहिजे असे नाही. १/१३ मध्ये बारा अंकांना वाव असून गट सहाच अंकांचा, ०७६९२३, निघतो.

बाकी शून्य आली की दशांशरूप खंडित होते. अतिसंक्षिप्त रूपातील छेदाला २ आणि ५ खेरीज दुसरा मूळ अवयव नसेल तरच हे घडते, जसे ७/४० = ०.१७५. संक्षेप आधी करणे महत्त्वाचे, नाहीतर ६/१५ चा छेद पाहून फसगत होते. ती संख्या २/५, म्हणजे ०.४ आहे.

उलट वाटही सोपी आहे. क्ष = ०.२७२७… घेतल्यास १००क्ष = २७.२७२७…, वजाबाकी करून ९९क्ष = २७, आणि क्ष = ३/११.

वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी शाळेत वापरतो ती २२/७ मात्र केवळ जवळची किंमत आहे. २२/७ = ३.१४२८५७… ही आवर्ती आहे, तर ते गुणोत्तर ३.१४१५९… असे कोणताही गट सतत न गिरवता चालू राहते. ते अपरिमेय, म्हणजे म/न अशा रूपात लिहिता न येणारे, असल्याचे गणितज्ञ योहान लॅम्बर्ट यांनी अठराव्या शतकात सिद्ध केले. दोन्ही किमती दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्याच स्थानी वेगळ्या होतात.