तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्याला निघालेली बोट विजयदुर्गावरून का फिरली

गेल्या फेब्रुवारीत आम्ही नवरा-बायको आमच्या सव्वीस फुटी शिडाच्या बोटीनं मुंबईहून गोव्याला निघालो आणि विजयदुर्गावरून परत आलो. तेव्हापासून बँकेत, सोसायटीत, लग्नाकार्यात जो भेटेल तो हेच विचारतो. पुढं ६५ सागरी मैल उरले होते, एवढं जवळ जाऊन फिरलात का? घाबरलात? भांडलात? यातलं काहीच नाही. पण खरं उत्तर द्यायचं तर ऑक्टोबरपासून सांगावं लागतं.

पावसाळ्यात मुंबईतल्या शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात. आमचीही यार्डात उभी होती. ऑक्टोबरात रंगाचं काम सुरू करायच्या आधी नवऱ्यानं सुकाणूचं पातं हातात धरून हलवलं आणि मला हाक मारली. पातं हलत होतं, वरचा दांडा मात्र जागचा हलत नव्हता. दोन्ही एकजीव असायला हवेत. पात्याच्या तळाशी ड्रिलनं छोटं भोक पाडलं, तर त्यातून तपकिरी पाणी ठिबकायला लागलं. खाली बादली ठेवली. चार दिवसांनीही ते ठिबकतच होतं.

असं सुकाणू म्हणजे बाहेरून फायबरची दोन कवचं, आत फोम, आणि मधून जाणारा स्टेनलेस स्टीलचा दांडा. दांड्याला आत पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, त्या पात्याला धरून ठेवतात. दांडा जिथं पात्यात शिरतो तिथली फट वर्षानुवर्षं पाणी आत घेत राहते. स्टेनलेस गंजत नाही असं आपण धरून चालतो, पण तो टिकतो हवेतल्या प्राणवायूमुळं. बंद जागेत खारं पाणी साचून राहिलं की तोही आतून खाल्ला जातो. कवच कापून उघडलं तेव्हा तीनपैकी दोन पट्ट्या तुटलेल्या होत्या. तिसरीला मी बोट लावलं, तर तिचा कोपरा माझ्या नखाला लागून गळून पडला. भर दर्यात उधळलेल्या लाटेवर हे झालं असतं तर, हा विचार मी कितीतरी रात्री केला आहे.

यार्डवाले म्हणाले, पंधरा दिवस. मग दिवाळी आली, कारागीर गावी गेले. हवा तो स्टीलचा दांडा मिळेना. मिळाला तर पहिलं वेल्डिंग वाकडं निघालं, ते कापून पुन्हा करावं लागलं. नंतर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, अर्ध्या मिलिमीटरनं घट्ट बसला. यातला प्रत्येक खोळंबा दोन-चार दिवसांचाच होता. पण आमचं यार्ड खाडीच्या कडेला आहे, बोट उताराच्या धक्क्यावरून पाण्यात सोडतात, आणि बोटीच्या पोटाखाली पुरेल एवढं पाणी तिथं फक्त उधाणाला येतं. उधाण पौर्णिमा-अमावास्येला. काम बुधवारी पुरं झालं आणि उधाण सोमवारी होऊन गेलं, की पुढच्या उधाणाची वाट बघायची. दोन दिवसांचा उशीर असा पंधरा दिवसांचा होतो. कार्तिकी पौर्णिमेला बोट सोडायची होती. एकामागून एक सहा उधाणं हुकली. माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारच्या भरतीला बोट पाण्यात उतरली, तेव्हा आम्ही दोघंही रडलो.

तोवर पाच आठवड्यांचा बेत अठरा दिवसांवर आला होता. नवरा निवृत्त आहे, मी बँकेत आहे. मार्चअखेरीच्या तोंडावर याहून जास्त रजा मागणं मला पटत नव्हतं.

आता वाऱ्याचं सांगते, कारण उत्तराचा निम्मा भाग त्यात आहे. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, मऊ आणि सरळ. दहा-अकराला तो मरतो. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा भरतो. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीशी असतो, परतताना तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, नागमोडी न्यावी लागते. तीस मैलांचे पंचेचाळीस होतात. नोव्हेंबर-डिसेंबरात हा वारा त्यातल्या त्यात नरम असतो. फेब्रुवारी लागला की दुपारी तो जोर धरतो आणि पुढं मे महिन्यापर्यंत वाढतच जातो. रात्री चालवून दिवस वाचवावेत, तर वाटेत मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खुंट आणि बिनदिव्याचे बोये. ते आम्हाला मान्य नव्हतं.

जातानाचं फार लांबवत नाही. मांडवा, मग जंजिऱ्याच्या आडोशाला राजपुरीची खाडी, हर्णै, जयगड, रत्नागिरी. सुकाणू लोण्यासारखं चालत होतं. पहिले दोन दिवस मी दर तासाला खाली उतरून बुशापाशी पाणी येतंय का ते हातानं चाचपत होते. हर्णैनंतर ते सोडून दिलं. सातव्या दिवशी दुपारी विजयदुर्गाचे बुरूज दिसले आणि आम्ही वाघोटण खाडीत नांगर टाकला.

रात्री कंदिलाखाली वही उघडली. विजयदुर्ग ते मुंबई जवळजवळ १४५ मैल, तोही वायव्येच्या तोंडावर. गोवा गाठला असता तर परतीच्या वाटेवर आणखी ६५ मैलांची भर पडली असती. हिशोब बसत नव्हता. नवरा म्हणाला, "एक दिवस इथं राहू. गिर्येची गोदी बघू. मग ठरव तू."

मराठा आरमाराची ही गोदी किल्ल्यापासून थोडी आत, खाडीच्या काठावर आहे. दुसऱ्या दिवशी छोटी होडी वल्हवत आम्ही तिथं गेलो. खडक तासून काढलेली शंभरेक मीटर लांबीची जागा, मुखाशी दगडी बांधकाम, आत आता गाळ. आरमाराची जहाजं भरतीला आत घ्यायची, ओहोटीला ती कोरडी पडायची, मग तळ खरवडायचा, फळ्या बदलायच्या, काथ्या ठोकून कलफात करायची, म्हणजे फळ्यांमधल्या फटी बुजवायच्या. १७५६ मध्ये इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं ते याच बंदरात.

मुखाशी एक म्हातारे तांडेल जाळं सोडवत बसले होते. आमची होडी गाळात टेकलेली बघून म्हणाले, "भांगात पानी चडना नाय, वैनी. उधानाक येवा."

माझ्या मनात ते एकदम लख्ख झालं. अष्टमी-नवमीचे दिवस, म्हणजे भांग, भरतीचं पाणी सगळ्यात कमी चढतं ते. भिंतीच्या दगडावर आजच्या पाण्याची ओली रेघ होती. तिच्या बरंच वर कालवांचा पांढुरका पट्टा, उधाणाचं पाणी पोचतं तिथला. मी वल्हं उभं धरून दोन्हींतलं अंतर मोजलं: दीड हात भरलं. त्या दीड हातासाठी तळ फुटलेली जहाजं या खाडीत नांगरावर थांबली असणार, पाणी उपसत, पौर्णिमेची वाट बघत. त्यांच्यावरच्या माणसांनाही कुठंतरी पोचायचं असेल. मी वल्हं खाली ठेवलं नाही, कितीतरी वेळ त्या पट्ट्याकडं बघत राहिले. नवऱ्यानं काही विचारलं नाही.

"परत फिरू," मी म्हटलं.

वाईट वाटलं का, हेही विचारता तुम्ही. हो, वाटलं. देवगड, मालवण, निवती, सगळे नकाशे मी पेन्सिलीनं आखून ठेवले होते. ते तसेच गुंडाळून वर ठेवले.

त्याच्या पुढच्या पहाटे साडेचारला मतलई सुटला. नवऱ्यानं नांगर ओढला, सुकाणूवर मी होते. किल्ल्याला वळसा घालून आम्ही नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उत्तरेला धरली. दहा वाजता वारा मरेपर्यंत एकोणीस मैल झाले होते.