जरा कडवट

‘छान झालंय, पण जरा कडवट लागतं ना?’

मी केलेली संत्र्याची पाकातली साल तोंडात टाकून वहिनी एवढंच म्हणाल्या आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळल्या. त्यात लागण्यासारखं काही नव्हतं. वाईट हेतूही नव्हता. तरी रात्री उशिरा वही उघडून बसावंसं वाटलं, कारण तो ‘जरा’ डोक्यातून जात नाही.

संत्र्याच्या पाकवलेल्या साली खाणाऱ्याच्या तोंडात अर्धा मिनिट टिकतात. त्यामागचं काम दोन दिवसांचं असतं. सोलायचं, उकळायचं, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचं, पाकात मुरवायचं, जाळीवर वाळवायचं. घरी माणसं जमणार असली की हे सगळं कुणाला न दिसता आधीच उरकलेलं असतं. समोर येते ती फक्त बशी, आणि बशीवरून मिळतो एक शब्द. आज तो शब्द टोचला, हे खरं आहे.

पण कडवट म्हणजे नेमकं कुठून कडवट, हे लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

सालीचे दोन थर असतात. वरचा रंगीत थर तेलाच्या बारीक बारीक पिशव्यांनी भरलेला. संत्र्याचा, लिंबाचा वास तिथून येतो. त्याखालचा पांढरा, स्पंजासारखा थर म्हणजे पेक्टिन (जॅम घट्ट करतं ते) आणि कडवटपणा. हा कडवटपणाही एकाच जातीचा नसतो. ग्रेपफ्रूट आणि पपनसात तो मुख्यतः नारिंगिन नावाच्या कडू द्रव्याचा. तो पहिल्या घासालाच कळतो आणि उकळत्या पाण्यात बराचसा उतरतो. दुसरा लिमोनिन या द्रव्याचा, आणि हा फसवा. ताज्या फळात तो जवळजवळ नसतोच. गरात आणि पापुद्र्यांत त्याचं बिनचवीचं पूर्वरूप असतं. रस काढला की रसातल्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होत जातं. म्हणून काढल्या काढल्या गोड लागलेला संत्र्याचा रस काही तासांनी कडवट होतो. तापवला तर आणखी लवकर. नेव्हल जातीच्या संत्र्यांत हे फार जाणवतं. बियांत तर लिमोनिन भरपूर, त्यामुळे मिक्सरमध्ये बियांसकट फोडी फिरवल्या की पुढे कितीही साखर घाला, उपयोग नाही.

म्हणजे पाहुण्यांसाठी रस सकाळी काढून संध्याकाळी वापरायचा नाही. हे एवढं साधं आहे, पण पुष्कळ चांगल्या पदार्थांची चव इथेच जाते.

आता साली. चार मोठ्या संत्र्यांच्या साली काढल्या की साधारण 250 ग्रॅम भरतात. आधी फळं गरम पाण्यात ब्रशने घासून घ्यायची, सालीवर मेणाचा थर असतो. वरून खाली चार चिरा देऊन साल पाकळीसारखी सोडवायची. पांढरा भाग सगळा खरवडून टाकायचा नाही. पाक तोच पितो. तो काढला तर उरते ती कडक, चिवट पट्टी. तीन-चार मिलिमीटर ठेवायचा. पट्ट्या बोटापेक्षा अरुंद, सात-आठ मिलिमीटरच्या, आणि सगळ्या सारख्या. रुंदीत फरक पडला की बारीक पट्ट्या पाकात विरघळायला येतात तरी जाड पट्ट्या कच्च्याच असतात.

मग त्या थंड पाण्यात टाकून उकळी आणायची, पाच मिनिटं ठेवायच्या, पाणी फेकायचं. पुन्हा थंड पाणी. संत्र्याला दोन वेळा पुरतं, लिंबाला तीन, ग्रेपफ्रूटला तीन-चार. दर वेळी पाणी फेकणं महत्त्वाचं, कारण कडवटपणा त्या पाण्यातच उतरलेला असतो. त्याच पाण्यात कितीही वेळ उकळलं तरी साल स्वतःच्याच काढ्यात बसून राहते.

शेवटचं पाणी फेकल्यावर लगेच साखर घालायचा मोह होतो. घालायची नाही. साली आधी ताज्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवून इतक्या मऊ करायच्या की सुरीचं टोक सहज आत जावं. साखर एकदा पडली की साल त्यापुढे मऊ होत नाही. घट्ट पाकात कच्ची साल टाकली तर आतलं पाणी झपाट्याने बाहेर येतं, साखर तेवढ्या वेगाने आत जात नाही, आणि पट्टी आक्रसून चामड्यासारखी होते. पाहुण्यांना ‘चिवट आहे’ म्हणायची वेळ येते ती बहुतेक वेळा इथल्या घाईमुळे. आजच्या साली चिवट नव्हत्या. एवढं तरी कुणी म्हणायला हवं होतं. असो.

पाकासाठी 300 ग्रॅम साखर, 300 मिलिलिटर पाणी, एक चमचा लिंबाचा रस. लिंबाच्या आम्लाने थोडी साखर फुटते आणि पाक दाणेदार होत नाही. साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं. त्यानंतर चमचा घालायचा नाही, पातेलं नुसतं हलवायचं. कडेला चिकटलेला साखरेचा एक कण आत पडला तरी सगळा पाक रवाळ होऊ शकतो, म्हणून कडा ओल्या ब्रशने पुसून घ्यायच्या. आच अगदी मंद, पाकाला जेमतेम बुडबुडे येतील इतकीच. पाऊण ते एक तासात पांढरा भाग काचेसारखा पारदर्शक होतो. ती खूण खरी, घड्याळ नव्हे. मध्येच पाक फार आटला तर दोन चमचे गरम पाणी. मग गॅस बंद करून साली रात्रभर त्याच पाकात. दुसऱ्या दिवशी पाक कोमट करून त्या निथळायच्या आणि जाळीवर एकेक सुटी पसरायची.

साखरेत कधी घोळवायच्या यात सगळं कसब आहे. बोट लावल्यावर चिकट लागायला हवं, ओलं नाही. ओल्या सालीवर साखर पाझरून पाणी होते; फार वाळलेल्या सालीला ती धरतच नाही. हवा दमट असेल तर ओव्हनमध्ये 90-100 अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवून मग घोळवायच्या. चॉकलेटमध्ये अर्ध्या बुडवायच्या असतील तर त्या साखरेत न घोळवता पूर्ण कोरड्या करायच्या. पाण्याचा एक थेंबही वितळलेल्या चॉकलेटची खडबडीत गोळी करून टाकतो. उरलेला पाक संत्र्याच्या वासाने भरलेला असतो. तो फेकणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. केकवर ब्रशने लावायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

पुन्हा त्या शब्दाकडे येते. दोन वेळा पाणी फेकूनही संत्र्याच्या सालीत थोडा कडवटपणा उरतो, आणि तो उरायलाच हवा. पाच-सहा वेळा उकळल्या तर तो जाईल, पण त्याच्याबरोबर वरच्या थरातलं तेलही वाफेबरोबर निघून जाईल. मग जे उरेल ते नुसतं गोड असेल. रंग संत्र्याचा आणि चव साखरेची.

मग वाईट कशाचं वाटतंय? जन्मभर साखरच ढवळत बसलेल्या माणसाला कुणी दाद देत नाही, असं काहीसं मघाशी मनात आलं होतं. लिहिता लिहिता ते जरा ओसरलं. मावशी काही न बोलता दुसऱ्यांदा बशीकडे वळल्या होत्या, तेही आत्ता आठवतंय.

वहिनींना बहुतेक कडवटपणाच आवडत नाही. जिभेचा प्रश्न आहे, कामाचा नाही. तेव्हा सगळ्यांसमोर एकच बशी ठेवण्यात अर्थ नाही. आंबट फळांचे असे पदार्थ आहेत ज्यांत साल फक्त वासापुरती येते.

त्यात पहिलं लेमन कर्ड, म्हणजे लिंबू, अंडी आणि लोण्याचं दाट, मऊ मिश्रण. 120 मिलिलिटर लिंबाचा रस, 150 ग्रॅम साखर, दोन अंडी आणि वर दोन पिवळे बलक, 100 ग्रॅम लोणी, दोन मोठ्या लिंबांची किसलेली साल, चिमूटभर मीठ. मीठ विसरायचं नाही. ते कडवटपणा दाबतं आणि गोडी वर आणतं. रस मापूनच घ्यायचा, लिंबं मोजून नाही, कारण लिंबाच्या आकाराचा भरवसा नसतो. किसताना फक्त पिवळा थर. किसणीवर पांढरं दिसायला लागलं की फळ फिरवायचं. अंड्यांवर साखर पडली की ताबडतोब फेटायचं. नुसती पडून राहिली तर बलकातलं पाणी शोषून घेते आणि पुढे न विरघळणाऱ्या पिवळ्या कण्या होतात.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियममध्ये लिंबाला धातूची चव येते. खालच्या पातेल्यातलं पाणी वरच्या भांड्याला टेकू द्यायचं नाही. आठ-दहा मिनिटं तळापासून सतत ढवळायचं. 76 ते 80 अंशांच्या दरम्यान मिश्रण चमच्याच्या पाठीला धरतं आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहते. तिथेच उतरवायचं. उकळी आली तर अंडं फाटलंच. उतरवल्यावर गार लोण्याचे तुकडे एकेक करून घालायचे आणि लगेच गाळून घ्यायचं. गाळण्याने शिजलेल्या अंड्याचे पांढरे कण तर जातातच, किसलेली सालही निघते. ती आत राहिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच शब्द ऐकावा लागेल! कागद थेट कर्डवर टेकवून झाकायचं, नाहीतर साय धरते. फ्रिजमध्ये आठवडाभर उत्तम राहतं, म्हणून घरच्या कार्यक्रमाला फार सोयीचं. कोरड्या, गोड टार्टच्या कवचात ऐन वेळी भरायचं. आदल्या दिवशी भरलं तर कवच मऊ पडतं.

अंडं न खाणारे असतील तर पोसेट, म्हणजे लिंबाच्या रसाने घट्ट केलेलं गोड क्रीम. 500 मिलिलिटर क्रीम, 130 ग्रॅम साखर, 75 मिलिलिटर लिंबाचा रस, इतकंच. क्रीम आणि साखर मोठ्या पातेल्यात उकळून तीन मिनिटं खळखळू द्यायचं (उतू जातं, म्हणून पातेलं मोठं), उतरवून रस घालायचा, दहा मिनिटांनी लहान वाट्यांत ओतायचं. चार तासांत सेट होतं. क्रीममध्ये निदान 35 टक्के स्निग्धांश हवा. त्याहून हलकं घेतलं तर आम्लाने ते घट्ट न होता फुटतं. सहा जणांना पुरतं, आणि वाट्या लहानच घ्याव्यात, फार भरीव असतं. थंड पदार्थात गोडी कमी जाणवते, त्यामुळे गरम असताना जरा जास्तच गोड लागायला हवं.

मुलांना संत्र्याच्या सालीच्या वाट्यांत लावलेली जेली आवडते. संत्री अर्धी करून गर काढून घ्यायचा, वाट्या न फाटता. अगरअगर (जेली घट्ट करणारी) पावडर 4 ग्रॅम, 100 मिलिलिटर पाण्यात दोन मिनिटं चांगली उकळायची. ती रसात उकळायची नाही, आम्लाने तिची पकड ढिली होते. 400 मिलिलिटर रस साध्या तापमानाचा हवा. फ्रिजमधला घातला तर अगर लागलीच गोठून दोऱ्या पडतात. ढवळून भराभर वाट्यांत ओतायचं. गोठल्यावर धारदार, ओल्या सुरीने फोडी कापायच्या, सालीसकट. रस मात्र ऐन वेळी काढलेला, ते वर लिहिलंच आहे.

केकबद्दल एकच गोष्ट: किसलेली साल पिठात टाकण्याआधी साखरेत बोटांनी चोळायची. साखरेच्या कडा तेलाच्या पिशव्या फोडतात, साखर ओलसर आणि पिवळसर होते. नुसत्या रसाने केक आंबट होतो, वास येत नाही. वास सालीचा.

बारा वाजून गेले. मघापेक्षा बरं वाटतंय. शब्द तोच आहे, पण आता तो तक्रारीसारखा ऐकू येत नाही. त्यांना जे लागलं ते त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच तिथे होतं.

पुढच्या वेळी गुरुवारी साली उकळून पाकात, शुक्रवारी जाळीवर, त्याच संध्याकाळी कर्ड. शनिवारी सकाळी पोसेट, दुपारी रस काढून जेली. बशा दोन: एकीत लिंबाचं सगळं गुळगुळीत आणि गोड, दुसरीत साली, निम्म्या चॉकलेटमध्ये बुडवलेल्या. आणि थोड्या ग्रेपफ्रूटच्याही करणार. त्यांचं पाणी तीन वेळाच फेकणार, चौथ्यांदा नाही.