झेब्र्याची पिल्ले तळाशी का बसतात

झेब्रा डॅनिओ हा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा, आणि घरच्या टाकीत तो सहज अंडी देतो. तरीही अनेकांची पिल्ले पहिल्याच आठवड्यात जातात. अशा वेळी ‘जोडीच कमकुवत होती’ असे म्हणून ती जोडी बदलली जाते, आणि हे मला मनापासून खटकते, कारण पुष्कळदा दोष जोडीचा नसून पाण्याच्या पृष्ठभागाचा असतो.

साधारण २८ अंश तापमानाला ही अंडी दोन ते तीन दिवसांत उबतात. त्यानंतर पिल्लू काचेला किंवा पानाला डोक्याने चिकटून राहते. अंडी घातल्यापासून पाचव्या दिवसाच्या आसपास ते धडपडत वर येते, पृष्ठभागावर हवा गिळते, आणि अन्ननलिकेला जोडलेल्या बारीक नळीवाटे ती हवा वाताशयात, म्हणजे माशाला पाण्यात तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशवीत, पोहोचते. वर मोकळी हवाच मिळाली नाही, तर झेब्र्याच्या पिल्लाचे वाताशय फुगत नाही. मग ते डोके वर करून सतत वळवळत राहते, थांबले की बुडते. पिवळ्या बलकाचा साठा संपत आलेला असतो, आणि पॅरामिशियमसारखे सूक्ष्म खाद्य पकडायला आवश्यक असलेली स्थिरता त्याच्याकडे नसते. ते मरते ते खरे म्हणजे उपासमारीने.

पिल्लू पारदर्शक असल्यामुळे तपासणी अवघड नाही. बाजूने टॉर्च धरून भिंगातून पाहिले, तर डोक्याच्या मागे, आतड्याच्या वरच्या बाजूला चकाकणारा चिमुकला बुडबुडा दिसतो. तो दिसला की वाताशय भरले आहे असे समजावे.

तेलाचा तवंग ही येथील मोठी अडचण आहे. उकडलेल्या अंड्याचा बलक खाद्य म्हणून घातला, तेलकट हात पाण्यात गेला, किंवा टाकी फोडणीच्या धुराच्या वाटेवर असली, तरी पाण्यावर पातळ थर धरतो आणि इवल्याशा पिल्लाला तो भेदता येत नाही. भूमध्य समुद्राकाठच्या सी-बास आणि सी-ब्रीम माशांच्या हॅचरींमध्ये याच कारणासाठी पृष्ठभागावरचा तवंग काढणारी साधने वापरतात. तिथे वाताशय न फुगलेल्या पिल्लांचा कणाही पुढे वाकडा होतो. घरी साधा टिश्यू पेपर पाण्यावर अलगद पसरून उचलला, तरी तवंग त्याला चिकटून येतो. चौथ्या दिवसापासून हे सकाळ-संध्याकाळ करावे, पाण्याची खोली वीतभरापेक्षा कमी ठेवावी, आणि हवेचे बुडबुडे इतके मंद सोडावेत की पिल्लू प्रवाहात फरफटणार नाही.

मोठ्या गोल्डफिशला देतात तसा सोललेला वाटाणा किंवा एप्सम मीठ यांचा येथे काही उपयोग नाही, कारण हा बद्धकोष्ठाचा विकार नव्हे. त्याच जोडीची पुढची अंडी स्वच्छ पृष्ठभागाखाली वाढवून पाहावीत आणि मगच तिच्याविषयी मत बनवावे.