गावावरचा तलाव आणि त्याचा सलंग

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, टेकड्यांच्या पायथ्याशी, मालगुजारीच्या काळातला एक तलाव आहे. सरकारी कागदांत त्याची नोंद सिंचन तलाव अशी आहे आणि धानाच्या बांध्यांना त्याचे पाणी मिळते हे खरेच. पण पावसाळ्याच्या झडीत टेकड्यांवरून एकदम उतरणारे पाणी काही तास थोपवून धरण्याचे आणि नाल्याकाठची वस्ती वाचवण्याचे त्याचे दुसरे काम मात्र कुठेही लिहिलेले नाही. जे काम लिहिलेले नसते त्याची देखभालही होत नाही, ही माझी खरी चिंता आहे.

असे मामा (माजी मालगुजारी) तलाव पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी बांधले, आणि त्यांची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे: मातीची पार (म्हणजे बांध), शेताला पाणी सोडणारा तुडुम, आणि जादा पाणी बाहेर काढणारा सलंग, म्हणजे सांडवा. मालगुजारी संपल्यावर हे तलाव शासनाकडे आले आणि त्यांतले लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले.

भरलेला तलाव पूर कसा अडवणार, असा प्रश्न गावात नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. तलाव सलंगाच्या काठापर्यंत भरला की पुढे येणारे सगळे पाणी तसेच खाली जाईल असे वाटते. प्रत्यक्षात सलंगावरून पाणी वाहण्यासाठी आधी तलावाची पातळी वर चढावी लागते, आणि ती चढत असताना पाणी तलावाच्या पूर्ण पसाऱ्यावर साठत जाते. तीस हेक्टर पसरलेल्या तलावात पातळी सलंगाच्या वर अर्धा मीटर चढली, तर दीड लाख घनमीटर पाणी तेवढ्या वेळापुरते थांबलेले असते. तीन चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर दहा सेंटिमीटर पाऊस पडला तर एकूण पाणी तीन लाख घनमीटर होते. म्हणजे त्याचा अर्धा भाग तलावाने पोटात घेतला आणि पुढच्या काही तासांत हळूहळू सोडला. दार नाही, चावी नाही, कोणाच्या हुकमाची वाट नाही. फक्त सलंग पूर्ण रुंदीने मोकळा असला पाहिजे आणि पारेची उंची शाबूत असली पाहिजे.

आणि नेमका सलंगच मोकळा राहत नाही. मत्स्यबीज सोडल्यावर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडावर जाळी बांधली जाते. धानाला आणखी एक पाणी मिळावे म्हणून काठावर मातीच्या पिशव्या रचल्या जातात. दोन्हींमागे पोटाचा प्रश्न आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण पहिल्याच मोठ्या पुरात जाळीला पालापाचोळा, बेशरमाची झुडपे आणि काटक्या अडकतात आणि जाळीची भिंत होते. सलंगाची निम्मी रुंदी बंद झाली, तर तेवढेच पाणी बाहेर जाण्यासाठी त्यावरच्या प्रवाहाची उंची सुमारे १.६ पट व्हावी लागते, म्हणजे जिथे ५० सेंटिमीटर पुरले असते तिथे ८० सेंटिमीटर लागतात. ही वरची ३० सेंटिमीटर पारेच्या माथ्यापर्यंत राखून ठेवलेल्या मोकळ्या उंचीतून जातात. पारेचा माथा कुठे खचलेला असेल, कुठे बैलगाडीच्या वाटेने दबलेला असेल, तर पाणी तिथून पलीकडे उतरते आणि मातीची पार मागच्या उतारावरून कापली जाऊ लागते. एकदा ते सुरू झाले की हाताशी फार वेळ उरत नाही.

मासेमारांसाठी मार्ग आहे. जाळी सलंगाच्या तोंडावर न लावता त्याच्या बरीच पुढे, तलावाच्या आत, लांब अर्धगोलात बांधावी आणि तिच्या खुंट्या अशा असाव्यात की झडीच्या रात्री दोन माणसांना काठावरूनच दोर ओढून ती पाडता यावी. मासे थोडे जातील, ते मान्य करावे लागेल. पिशव्यांना मात्र मला कोणताही मार्ग दिसत नाही. पावसाळ्यात सलंगाची उंची वाढवण्याला गावाने सरळ मनाई करावी.

पाण्याचा धाक आपल्याला नवा नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसे नेली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी त्याआधीच केल्या होत्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरीचा तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्या पाण्यात गेल्या. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ या कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणांची तपासणी बंधनकारक केली आहे. परंतु तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी काही अटींत बसणाऱ्यांना. आमच्या पारेसारख्या सहा-सात मीटरच्या पारी या कायद्याच्या कक्षेत येतच नाहीत. म्हणून त्यांच्यावर नजर ठेवणारी माणसे गावातच असावी लागतात.

त्यांनी काय पाहावे? मातीच्या पारेतून थोडा पाझर असतोच, आणि तो नितळ असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पाणी गढूळ येऊ लागले, म्हणजे ते पारेच्या आतली माती सोबत आणत आहे, तर मात्र तासाभराचाही उशीर करू नये. अशा वेळी लोक घाईने भोकात दगड-माती कोंबतात. ते चुकीचे आहे, कारण अडलेले पाणी शेजारून नवी वाट काढते. त्या जागेवर आधी रेती, मग बारीक गिट्टी, मग जाड गिट्टी अशी चढती थर-रचना करून पाणी येऊ द्यावे आणि माती आत थांबवावी, शाखा अभियंत्याला कळवावे आणि खालच्या वस्तीला उठवावे.

पारेवरची झाडे हा नाजूक विषय आहे. सावली हवी म्हणून बाभूळ, पळस वाढू दिले जातात, आणि त्यांची मुळे कुजल्यावर आत पोकळ वाटा उरतात. उंदीर, खेकडे आणि सायाळ यांची बिळे गवत दाट वाढले की दिसतच नाहीत. विष टाकण्याची किंवा सायाळ मारण्याची काही गरज नाही, आणि तिची शिकार कायद्याने बंदही आहे. हरळी आखूड राखली, दिसलेले बीळ ओल्या मातीने ठोकून भरले आणि झाडे पारेपासून दूर, पाणलोटाच्या अंगाला लावली, तर पारही टिकते आणि पाखरांनाही आसरा मिळतो.

अलीकडे सगळ्यांत जास्त बिघाड मी गाळ काढताना होताना पाहतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना मुळात चांगली आहे. तलावाची साठवण वाढते आणि शेताला कस मिळतो. पण जेसीबी वाट सोपी पाहते. ती पारेच्या अगदी पायथ्याशी खोदते, जिथे वर्षानुवर्षे बसलेल्या चिकण गाळाच्या थरानेच पाझर रोखलेला असतो. तो थर गेला की त्याच वर्षी पारेखाली ओल दिसू लागते. जेसीबी काठाला उभ्या भिंतीचे खड्डे करते, आणि मग गुडघाभर पाण्यात चालणारे मूल पुढच्या पावलाला डोक्यावर पाण्यात जाते. ते खड्डे पाखरांनाही निरुपयोगी असतात, कारण हिवाळ्यात पाणी उतरत जाताना जो उथळ, चिखलाचा पट्टा उघडा पडतो, त्यावरच तुतारी आणि बगळे चरतात. गाळ तलावाच्या मधल्या भागातून काढावा, पारेपासून ठरलेले अंतर सोडावे आणि काठ तिरपा ठेवावा. या एका नियमात पार, पोरे आणि पाखरे तिघांचे रक्षण आहे.

तलावाच्या वरच्या उथळ अंगाला, जिथे देवधान आणि कमळे आहेत, तिथे कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे करतात, अडई आणि जांभळ्या पाणकोंबड्या राहतात, हिवाळ्यात तलवार बदके उतरतात. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात सारसांच्या मोजक्या जोड्या अशाच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने टिकून आहेत. तो भाग बेशरमापासून मोकळा करून माणसांच्या वर्दळीपासून दूर ठेवावा असे मला मनापासून वाटते. तलाव माणसांना बंद करावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पारेवर संध्याकाळी फिरणारी वडीलधारी माणसे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुणारे शेतकरी, भुजली (श्रावणात रुजवलेले अंकुर) शिरवायला येणाऱ्या मुली, या सगळ्यांचा तलावावर हक्क आहे. आणि रोज पारेवर चालणारा माणूस हाच पारेचा पहिला तपासनीस असतो, नवी भेग त्यालाच आधी दिसते.

सलंग वाहू लागला की मात्र गर्दी तिकडे लोटते. चढणीचे मासे धरायला पोरे जाळी घेऊन उतरतात, बाहेरगावची मंडळी फोटोसाठी वाहत्या पाण्यात उभी राहतात. शेवाळलेल्या दगडावर घोट्याएवढे वेगाचे पाणीही माणसाला पाडते, आणि सलंगाखालच्या डोहात पाणी गोल फिरत असल्याने पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. तिथे दोर, दोन ट्यूब आणि पावसाळ्यात एक माणूस ठेवण्याचा खर्च ग्रामपंचायतीला झेपण्यासारखा आहे.

येत्या मे महिन्याच्या ग्रामसभेत मी याच गोष्टी मांडणार आहे, आणि त्यासोबत एक छोटी मागणी: सलंगाच्या भिंतीवर रंगाने मोजपट्टी आखावी, अर्ध्या मीटरवर पिवळी आणि त्यावर लाल रेघ ओढावी, आणि पाणी पिवळ्या रेघेला लागले की पोलीस पाटलांनी नाल्याकाठच्या घरांना शाळेत हलवायला सुरुवात करावी, मग रात्रीचे किती का वाजले असेनात.