झान्नीची माशी

पहिल्या तालमीला मी संहिता मागितली, तर हातात एकच कागद आला. पांतालोने हा कंजूष म्हातारा, झान्नी हा त्याचा उपाशी नोकर, आणि भलत्याच्याच हाती पडलेलं एक पत्र. संवाद एकही नाही. ‘बोलायचं काय ते तू ठरव.’ झान्नी मी होते.

लॉस एंजेलिसजवळ अर्विन्डेलला सांता फे धरणापाशी दर वसंतात शनिवार-रविवार रेनेसाँ जत्रा भरते. पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळातलं इंग्लिश गावच उभं करतात. १९६३ साली रॉन आणि फिलिस पॅटरसन यांनी ती सुरू केली. त्याआधी फिलिसबाई परसात मुलांची नाटकं बसवायच्या, त्यात कोमेदिया देल्लार्ते, म्हणजे इटलीतली मुखवट्यांची नाटकंही असत. १५७०च्या दशकात इटालियन मंडळी इंग्लंडात खेळ करून गेली होती, त्यामुळे आमच्या कोमेदिया मंडळीचा तंबू तिथे उपरा नव्हता. शिवाय इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर बायकांना मज्जाव असताना इटालियन मंडळींत बायका काम करायच्या. हे मला फार आवडलं.

निवड झाली, जुन्या इंग्रजीचा वर्ग झाला, मग कपड्यांची तपासणी. चेन, घड्याळ, बूट, सगळं बाद. चष्माही गेला.

पहिला खेळ सपशेल पडला. अर्धा चामडी मुखवटा घातला की डोळे फिरवून भागत नाही, नाकच वळवावं लागतं. ते मी विसरले. वर घाम पुसायला मुखवट्याला हात लावला. तिथेच झान्नी मेला आणि नाकावरचं चामडं तेवढं उरलं. पुढच्या बाकावरचा मुलगा टर्कीची तंगडी चघळत उठून गेला.

दुसऱ्या आठवड्यात आमचा पांतालोने म्हणाला, “बोलू नकोस. माशी पकड.” झान्नी भुकेने माशी पकडून खातो, हा या नाटकांतला फार जुना गमतीचा तुकडा. मी पकडायला लागले आणि तेवढ्यात डोक्यावरून छोटं विमान घरघरत गेलं. सोळाव्या शतकात विमान! लहानपणी जत्रेत पाहिलेला वगातला सोंगाड्या आठवला. मध्येच कुत्रं भुंकलं तरी तो त्याला बतावणीत ओढायचा. मी नाक वर करून विमान जाईपर्यंत बघत राहिले आणि म्हटलं, “धनी, केवढी ही माशी!” म्हातारा म्हणाला, “माझ्या शेतावरून उडाली, भाडं वसूल कर!” रस्त्याने चाललेले लोक थांबले.

मग टोपी. पैशांसाठी ती नाटकातली शेवटची गाठ सुटायच्या आधी फिरवायची, कारण शेवट झाला की लोक पाठ फिरवतात. आपल्याकडे दौलतजादाही लावणी रंगात असतानाच होते, ती का ते तेव्हा कळलं. वाटणीत माझ्याकडे सतरा डॉलर आले.

पुढच्या खेळाला वीस मिनिटं होती. मुखवटा आतून कापडाने टिपला आणि सावलीत वाळत ठेवला.